मला जमाव व्हायला सांगितलं

“तू जमाव हो,” कर्नल म्हणाले.

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या विद्यापीठातला वर्ग. टेबलावर एका कल्पित शहराचा नकाशा. दोन समाज त्या शहरावर हक्क सांगतात, म्हणून कारभार आंतरराष्ट्रीय विश्वस्तांकडे. तिथे पोलीस बंदोबस्त कसा ठेवायचा, याचा लष्करी सल्ला आम्ही विद्यार्थ्यांनी तयार करायचा होता. बाकी सगळे सल्लागार. मी एकटी जमाव. दाराशी उभं राहून ओरडायचं.

कर्नल मूळचे पुण्याचे, निवृत्त, पाहुणे व्याख्याते म्हणून आलेले. मराठी मंडळाच्या जेवणात त्यांनी मला आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग गावात नेमकं कुठे. उत्तर मिळाल्यावर प्लेट घेऊन पलीकडे गेले.

“सर, मी सल्ला लिहून आणलाय. घरझडतीबद्दल.”

ते हसले. मराठीत, गोड आवाजात म्हणाले, “अगं, तुमच्या वस्तीत पोलीस शिरायचे ना? मग तुला सल्ल्याचं काय, मार खायचं ट्रेनिंग आहे.”

गोरी पोरंही हसली. त्यांना वाटलं, काहीतरी प्रेमाचं असेल.

हो, शिरायचे. मी दुसरीत होते. बापाला उघड्या अंगानं ओढत नेलं. पिठाचा डबा लाथेनं उडवला. काय शोधत होते, आजवर कुणी सांगितलं नाही. आईनं ते पीठ मातीतून गोळा केलं, चाळलं, आणि आम्ही खाल्लं.

“सॉरी, काय म्हणाले ते?” प्राध्यापकबाईंनी इंग्रजीत विचारलं.

कर्नलनी डोळ्यांनीच दटावलं. नोकरीसाठी त्यांच्याच शिफारशीवर माझी भिस्त होती.

मी सांगितलं. इंग्रजीत, शब्दन् शब्द. आडनावाचंही सांगितलं. कुणी हसलं नाही.

मग मी खुर्ची ओढून बसले आणि माझा सल्ला वाचून दाखवला. दार उघडायला लावायचं तर कारण आधी त्या घराला, त्याच्या भाषेत सांगायचं. पोलिसांत दोन्ही समाजांची माणसं हवीत, आणि हुकूम देणाऱ्यांतही.

कर्नलनी पार्किंगमध्ये गाठलं. “जोक होता गं तो. गोऱ्यांसमोर आपल्याच माणसाची लाज काढायची?”

“मी आपली कधी झाले, सर?”

शिफारस गेली. गाडीत बसून रडले, संतापानं. पण त्या दिवसापासून एक पक्कं आहे. कुणाच्या दारात पोलीस पाठवायचे हे जिथे ठरेल, तिथे मी बसणार. बोलावलं नाही तरी. माझ्या माणसांवर हात उचलायचा हुकूम ज्याला द्यायचाय, त्याला तो माझ्या तोंडावर द्यावा लागेल.