नणंदेच्या आहेराचा ड्रेस

मैत्रिणींनो, आज शिलाई मशीनवर शिवलेला बदला घेऊन आलेय.

माझा एक जुना ड्रेस कमरेत घट्ट झाला होता. बेलापूरच्या नणंदबाई त्यांच्या वास्तुशांतीला चारचौघींत म्हणाल्या, "वहिनी, शिवण उसवायच्या आत तो ड्रेस कुणाला तरी देऊन टाका." वर आहेर म्हणून साडी दिली.

घरी येऊन साडी उलगडली, तर फॉलचा शेवट पिवळ्या दोऱ्यानं शिवलेला. हिरवा दोरा संपला म्हणून मीच तसा शिवला होता. त्यांच्या मुलाच्या बारशाला मी दिलेली साडी त्यांनी मलाच परत दिली होती.

मी साडी कापली आणि ड्रेसच्या दोन्ही बाजूंना तिच्या पट्ट्या जोडल्या. आज भाच्याच्या वाढदिवसाला तोच ड्रेस घालून गेले.

सगळ्यांसमोर सासूबाई म्हणाल्या, "लई भारी झालाय की. कापड कुठलं हाय?"

"ताईंनी दिलेला आहेर. फॉलसुद्धा आधीच लावलेला होता."

नणंदबाई भाजी बघायला आत गेल्या, त्या लवकर बाहेर येईनात.

उरलेल्या कापडाची पिशवी शिवून तिच्यात त्यांना शेंगदाणे देऊन आलेय. पुढच्या आहेराला तीच पिशवी मला परत मिळणार. लावता पैज?