कुंकवाचं काडतूस

खंडेनवमीला आमच्याकडे विळी, कात्री आणि शिलाई मशीनच्या शेजारी एक काडतूसही पुजलं जातं. सैन्यातून निवृत्त होताना माझ्या सासऱ्यांनी ते आणलं होतं. ते गेले, काडतूस राहिलं.

यंदा मात्र त्याला कुंकू लावताना माझा हात थबकला. अमेरिकेच्या एका अध्यक्षाच्या खुनाबद्दल नुकतंच वाचलं होतं. जुनी लष्करी बंदूक आणि अशीच लांबट, बोथट टोकाची गोळी. ती म्हणे दोन माणसांतून आरपार गेली, तरी जवळजवळ अख्खी सापडली. ती सरळ गेली की कोलांट्या खात, यावर लोक अजून भांडतात. बोटाच्या पेराएवढी वस्तू, आणि सगळ्या देशाला कोडं! तिच्याच जातीची ही, आणि मी तिला पेटत्या समईशेजारी बसवून हळद वाहत होते.

शेजारच्या निवृत्त सुभेदारांना हाक मारली. त्यांनी काडतूस कानाशी हलवलं, अंगठ्याने पितळ पुसलं आणि हसले.

"वहिनी, हे कवायतीचं. आत दारूच नाही. ओळखू यावं म्हणून पुंगळीला भोकं पाडतात."

"कुठायत भोकं?"

"तुम्हीच बुजवलीत की!"

त्यांनी टाचणीने टोकरलं आणि ताम्हनात लाल भुकटी सांडली. माझा जीव भांड्यात पडला. सुटलेल्या गोळीची वाट माणसं जन्मभर शोधत बसतात. ही कुठेच गेली नव्हती. दारूच्या जागी आम्ही इतकी वर्षं तिच्यात कुंकू ठासत होतो.