डावीकडच्या चौकटी

हिंगोलीजवळच्या पुसेगावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दाखले, शिष्यवृत्ती, पीक विमा, जे येईल ते. त्या महिन्यात लागोपाठ चार फॉर्म परत आले. चारही फॉर्मांत चूक एकच, डावीकडच्या चौकटींत टिक करायची राहिलेली. एका पोरीची शिष्यवृत्ती त्यात अडकली. तिचा बाप म्हणाला, "ताई, तुमच्याकडून असं कसं होऊन राहिलं?" मी उलट त्याच्यावरच खेकसले.

हल्ली माऊसचा बाणही डाव्या कोपऱ्यात गेला की मला सापडत नव्हता. आईचं असंच सुरू झालं होतं. तिचा डावा खांदा सारखा दाराला लागायचा आणि आम्ही लेकरं हसायचो. काचबिंदू आहे हे कळलं तोवर फार उशीर झाला. शेवटी शेवटी ती माझा आवाज ऐकून माझ्याकडे तोंड वळवायची, तेही जरा चुकीच्या बाजूला.

हे मी कुणाजवळ बोलले नाही. मॉनिटरच बाद झालाय, असं मी ठरवून टाकलं. मग मोबाइलवर नव्या मॉनिटरांची माहिती काढत बसले. वहीत तीन रकाने आखले. बावीस इंच की चोवीस, पडदा आयपीएस जातीचा की व्हीए, पंच्याहत्तर हर्ट्झ की शंभर, उजेड किती. एवढा अभ्यास मी बारावीलाही केला नव्हता. एका ओळीखाली मात्र दोनदा रेघ मारली. व्ह्यूइंग अँगल एकशे अठ्ठ्याहत्तर अंश, म्हणजे कडेनं पाहिलं तरी साफ दिसणार. त्या आकड्यावर माझा सगळा जीव टांगलेला.

नवरा वही बघून म्हणाला, "अगं, आधी डोळे दाखव की एकदा. काहून भिऊन राहिली?"

"भीत कोण आहे? तुमचं आपलं काहीतरीच!" मी म्हटलं, आणि हिंगोलीची एसटी पकडली.

तिथला कॉम्प्युटरचा दुकानदार भला माणूस. त्यानं तीन मॉनिटर शेजारी शेजारी लावून दिले. मी पेनड्राइव्हमधून आणलेला तोच शिष्यवृत्तीचा फॉर्म उघडला आणि म्हटलं, "बाण डाव्या कोपऱ्यात न्या." पहिल्यावर बाण नाही. म्हटलं, हा स्वस्तातला. दुसऱ्यावरही नाही. तिसरा सगळ्यात महाग, आयपीएस, एकशे अठ्ठ्याहत्तरवाला. खुर्ची पुढे ओढून बघितलं.

"ह्याच्यावर पण बाण गायब होऊन राहिला की हो," मी म्हटलं.

"न्हाई ताई, तिथंच तर आहे. हे बघा, बोट ठेवलंय मी त्याच्यावर."

मला बोटही दिसत नव्हतं.

मान वळवली तेव्हा दिसलं, बोट, अंगठी, बाण, सगळं. मी वही पिशवीत कोंबली. "नंतर येते," एवढंच बोलले आणि बाहेर पडताना डावा खांदा दाराजवळच्या खोक्यांवर आपटला. खोकी धडाधड खाली आली. ती उचलायलाही मी थांबले नाही. रिक्षावाल्याला म्हटलं, डोळ्याच्या दवाखान्यात चल बाबा, लवकर.

तिथं नर्सबाईनं माहितीचा कागद दिला. दिवसभर लोकांचे फॉर्म भरणारी मी, आज स्वतःचाच भरत होते. भरून दिला, तर तिनं तो परत माझ्यापुढे सरकवला.

"ताई, डावीकडच्या चौकटी रिकाम्याच राहिल्यात बघा."

मान पार वळवून बघितलं. वय, शुगर, बीपी, सगळ्याच राहिलेल्या. त्या खरंच दिसल्या नव्हत्या. एकेक भरत खाली आले. कागदाच्या तळाशी, अगदी मधोमध, एक चौकट उरली. घरात कुणाला काचबिंदू होता का?

ती मला पहिल्या वेळीच स्वच्छ दिसली होती. ती मीच मुद्दाम सोडली होती.

"होता का कुणाला?" नर्सबाईनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "माझ्या आईला." आणि टिक केली.