शेवटच्या झाडापर्यंत पाणी

ताईचा फोन आला तेव्हा मी नागपुरात महाल भागातल्या घरी भाजी निवडत होते. काटोलहून ती सकाळी कधी फोन करत नाही, ती वेळ बागेच्या पाण्याची. "मंगला, मी व्हॉल्व्हपाशीच उभी होती," ती म्हणाली. "त्यायनं 'आलं' म्हणून आवाज देलाच नाही वं..." संत्र्याच्या बागेत, अगदी शेवटच्या झाडापाशी, ड्रिपच्या नळीखाली हात धरून बसलेले भाऊजी तसेच कलंडले होते. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

हे 'आलं' म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या भागातलं पाणी क्षाराचं, त्यामुळे ड्रिपची बारीक छिद्रं बुजतात, आणि बुजतात ती आधी टोकाची. म्हणून भाऊजींची पद्धत अशी की एकानं विहिरीजवळ एका ओळीचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि दुसऱ्यानं त्या ओळीच्या शेवटच्या झाडाखाली तळहात धरून बसायचं. हातावर थेंब पडला की ओरडून सांगायचं, 'आलं'. मग पुढच्या ओळीचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह भाऊजींकडे आणि शेवटचं झाड ताईकडे, ही वाटणी ड्रिप बसवल्यापासूनची, ती उलटली अलीकडेच. दाब दाखवणारा काटा होता, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. पहिल्या झाडाला पाणी कोणीही देतो, असं ते मला ऐकवायचे. मेहुणीला चिडवायचा त्यांचा हक्कच होता, आणि गणिताची मास्तरीण म्हणून मीही उलट बोलायला मागे राहत नसे.

काही वर्षांपूर्वी त्यांना चक्कर आली म्हणून नागपुरात आणून मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी केली. मशीनमधून रक्ताचा सूं-सूं आवाज ऐकून भाऊजी खूश. तपासणाऱ्या मुलीला म्हणाले, मोटार बरी चालते. मोठा अडथळा कुठे नव्हता. रक्तदाब मात्र चांगलाच वाढलेला होता आणि गोळी रोज घ्यायची, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं. भाऊजींनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. संत्रा बर्फीचा डबा घेऊन घरी आले आणि म्हणाले, "मेन लाईन साफ आहे माही." मी म्हटलं, तपासणी मानेची झाली, डोक्याची नाही. तर म्हणे, मला सगळ्यांच्या वहीत चुकाच दिसतात.

मग हळूहळू त्यांची चाल आखूड झाली, पाय फरशीला घासू लागले. विसरत काही नव्हते. कोणती कलमं कोणाकडून आणली, हे सगळं तोंडपाठ. पण एकामागून एक करायची कामं जुळेनात. शर्टाची बटणं लावताना अडून बसायचे, मधेच चिडायचे, नाहीतर तासन्‌तास गप्प. एक दिवस मोटार सुरू करून सगळे व्हॉल्व्ह भलत्याच क्रमानं फिरवले आणि पाईप फुटला. पुन्हा नागपूर. या वेळी मेंदूचा एमआरआय झाला, त्यात जागोजागी पांढरे ठिपके दिसले.

मानेची लाईन तर साफ होती, हे भाऊजींनी डॉक्टरांना ऐकवलंच. डॉक्टर स्वतः वरूडकडचे, संत्र्याच्याच पट्ट्यातले, त्यांनी समजावलं ते बागेच्याच भाषेत. मोठा पाईप मोकळा आहे, पण कडक झालाय. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का तो स्वतःत जिरवत नाही, तसाच पुढे ढकलतो. तो धक्का वर्षानुवर्षं मेंदूतल्या केसासारख्या बारीक नळ्या सोसतात, जाड होतात, बुजतात, आणि टोकाची जागा कोरडी पडते. गोळी हा धक्का कमी करायला आहे. ती नीट घेता ना, असं डॉक्टरांनी विचारलं.

तेव्हा भाऊजी जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. "घेतो ना. फक्त हिवाळ्यात बंद ठेवतो. झाडाले ताण देला त बहार येते, मंग आंगालेही थोडा ताण देतो." संत्र्याच्या बागेचं पाणी हिवाळ्यात तोडतात आणि नंतर सोडतात, म्हणजे झाड फुलतं. हा माणूस दर वर्षी झाडांबरोबर स्वतःची गोळीही तोडत होता, आणि आमच्यापैकी कोणालाही पत्ता नव्हता. मी तिथेच त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, दुखणं फार वर्षांचं आहे, सगळा दोष यालाच देता येणार नाही, पण प्रत्येक हिवाळ्यानं त्यात भर घातली. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा.

उरलेलं म्हणजे काय, तर भाऊजींच्या लेखी तो व्हॉल्व्ह. तो सोडायला ते तयार नव्हते. सोडला की बाग आपली राहिली नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मी समजावलं, भांडले, उपयोग शून्य. मग एका सकाळी ताई त्यांच्या आधी व्हॉल्व्हपाशी जाऊन उभी राहिली. मी तेव्हा तिथेच होते. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. मग काठी टेकत, पाय घासत शेवटच्या झाडाकडे निघाले. त्या दिवशी 'आलं' ऐकू यायला इतका उशीर झाला की ताईनं पदरानं दोनदा तोंड पुसलं. पण आलं.

त्यानंतर गोळ्यांची पट्टी मोटारीच्या खोलीतच राहायची. गोळी घेतल्याशिवाय ते झाडाकडे निघायचे नाहीत. या हिवाळ्यात फोनवर मला मुद्दाम म्हणाले, "झाडाले ताण देऊन राहिलो. मले नाही." ताणानंतरचं पहिलं पाणी सोडलं त्याच सकाळी ते गेले. त्या दिवशीही गोळी घेऊनच झाडाकडे निघाले होते. मला अजून राग येतो, आणि कोणावर काढावा ते कळत नाही.

तेरवीपर्यंत शेजाऱ्यांनी पाणी पाहिलं. त्यानंतर ताई स्वतः बागेत गेली, मी मागोमाग. मोटारीच्या खोलीत पट्टी तशीच होती, थोड्या गोळ्या उरलेल्या. ताईनं मोटार सुरू केली, पहिला व्हॉल्व्ह उघडला आणि दुसऱ्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली. फिरवेना. मी ओळीच्या टोकापर्यंत चालत गेले, झाडाखाली बसले, तळहात धरला. बराच वेळ कोरडाच होता... मग एक थेंब पडला, मागून दुसरा.

शाळेत पोरांवर ओरडून कमावलेला आवाज, तो सगळा लावला. ओरडले, "आलं वं, ताई."

जरा वेळानं शेजारच्या ओळीतल्या नळीत पाणी सरकल्याचं ऐकू आलं.