घरोघरी ठेवलेले डबे

कुणाच्याही घरात शिरली की ती आधी भिंतीवरच्या प्लगकडे बघायची, मग माणसांकडे. "हे बटण बंद कोण करतं?" हा तिचा पहिला प्रश्न. पाणी नंतर.

खालापुरात माझी रक्त तपासायची लॅब आहे. शेजारच्या गाळ्यात ती आली तेव्हा पस्तिशीची असेल, मुंबईतली चांगली नोकरी सोडून आलेली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. उन्हाळा लागला की परत जातात. ही गेली नाही.

तिचं म्हणणं असं, की आपले कागद दूरच्या कुठल्या तरी कंपनीच्या इमारतीत कशाला ठेवायचे? इथल्याच घरांत छोटे कॉम्प्युटर ठेवू. लोक त्यांना डबे म्हणायचे. माझ्या लॅबच्या एकेका रिपोर्टचे तुकडे करायचे, त्यांना कुलूप घालायचं आणि निरनिराळ्या डब्यांत ठेवायचे. एका घरात कुणाला काही वाचता येणार नाही, पण निम्म्याहून जास्त डबे चालू असले की रिपोर्ट पुन्हा जुळेल. बदल्यात घराला इंटरनेट फुकट. शिंपी, गिरणीवाला, शाळा, डोंगराखालच्या वाडीतली एक आजी, सगळ्यांकडे तिने डबे बसवले.

"एखादा बंद पडला तरी चालतं, मॅडम," ती म्हणायची. "सगळे एकदम कसे पडतील?"

ऑक्टोबरात पडले.

आमच्याकडे गडगडायला लागलं की लोक घरातले प्लग उपटून ठेवतात. घरी मीही ठेवते. तिने गावं वेगवेगळी निवडली होती, पण त्यांच्यावरचं आभाळ एकच आहे हे धरलं नव्हतं.

त्या दुपारी कर्जतच्या हॉस्पिटलमधून डॉक्टरांचा फोन आला. ठाकुरवाडीची बाई बाळंत होत होती आणि रक्त थांबत नव्हतं. मागे एकदा रक्त चढवल्यावर तिला त्रास झाला होता. तेव्हा मी बाहेरून करून आणलेल्या तपासणीचा रिपोर्ट त्यांना हवा होता, म्हणजे कोणतं रक्त चालेल ते लगेच ठरवता आलं असतं. कागद त्या बाईच्या घरी राहिलेला. माझ्या कॉम्प्युटरची डिस्क त्याच आठवड्यात बिघडलेली. रिपोर्ट होता तो फक्त डब्यांमध्ये.

मी शेजारच्या गाळ्यात धावले. तिने स्क्रीन पाहिली. एक डबा कमी पडत होता.

शिंपी दुकानाला कुलूप लावून गेलेला. गिरणीवाला फोनवर म्हणाला, "गडगडतंय ताई, मागाहून लावतो." शाळा सुटलेली. उरली डोंगराखालच्या वाडीतली आजी. मी गाडी काढली. वाटेत ती नखं खात होती.

"आजी, दहा मिनिटं प्लग लावा," ती म्हणाली. "कर्जतला एक बाई अडलीय."

"नाय गं बाय. मागं इज पडली तवा टीव्ही फुटला माझा. घर पेटलं तर?"

मला वाटलं, ही म्हणेल, काही होत नाही. ती दारात गेली, आभाळाकडे बघून आली.

"पेटू शकतं," ती म्हणाली. "मग डबाच नेऊ का?"

"ने की. मी कवा नको म्हटलं?"

तिने डबा सोडवला आणि ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतला. परतताना डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. "किती वेळ?" मी म्हटलं, "पोचतोच आहोत." टोलनाक्याजवळ ट्रकची रांग लागली होती. मी कडेने गाडी घातली आणि शिव्या खाल्ल्या.

लॅब इन्व्हर्टरवर चालू होती. डबा जोडला. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. मग रिपोर्ट उघडला आणि मी तो फोनवर वाचून दाखवला, दोनदा.

बाई वाचली. मुलगी झाली. संध्याकाळी मी म्हटलं, "झालं की गं तुझं काम."

"मी डबा उचलून आणला, मॅडम. हे नेटवर्क नाही, हमाली आहे."

त्यानंतर ती प्रत्येक डब्याला बॅटरी आणि सिमकार्ड बसवत हिंडली, म्हणजे प्लग काढला तरी डबा चालू राहील. पहिल्या बॅटऱ्या उन्हात फुगल्या. सगळ्या काढून आणल्या. वाडीत रेंज येईना, म्हणून आजीच्या पत्र्यावर चढून अँटेना बांधला. खालून आजी ओरडत होती, "पडशील गं माकडे." कर्जतच्या हॉस्पिटलनेही डबे घ्यावेत म्हणून ती खेपा घालत होती; त्यांनी शेवटी मोठ्या कंपनीशी करार केला. त्या दिवशी ती गाळ्याबाहेर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघाली.

पुढच्या उन्हाळ्यात तिने पुण्यात नोकरी धरली. घरी वडील आजारी होते. जाताना मला स्क्रीन कशी बघायची ते शिकवलं आणि गाळ्याची किल्ली दिली. रडारड वगैरे आम्ही केली नाही.

यंदा ऑक्टोबरात पुन्हा कडाडलं. मी स्क्रीन उघडली. प्लग निघाले, एकेक करून सगळीकडचे. डबे चालू राहिले. एक जुना रिपोर्ट काढून पाहिला, लगेच निघाला. तिला कळवायला फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. ऑफिसात असेल.

चार दिवसांनी आजी साखर तपासायला आली. रक्त देताना शेजारच्या बंद गाळ्याकडे बघत होती.

"ती बाय येत नाय का गं आता?"

"नाही."

"मंग डबा चालतोय कसा?"

"चालतोय आपला आपण."

आजीने जरा विचार केला.

"मंग कशाला येल ती," म्हणाली, आणि तिच्यासाठी आणलेल्या दोन काकड्या पुन्हा पिशवीत टाकल्या.