म्हातारीचा पांढरा पाय

मालकांना मी एकतीस वर्षं ओळखतो, आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं मी त्यांच्यावर वैतागलेलो आहे. आता वैतागायचाही कंटाळा आलाय. घोड्यांवरच्या त्यांच्या मासिकात पानं लावायचं माझं काम. मी आयुष्यात घोड्यावर बसलेलो नाही, बसणारही नाही. आलो तेव्हा शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची, म्हणून मालक मला 'खिळे' म्हणायला लागले. शिसं गेलं, कॉम्प्युटर आला, डोक्यावरचे केस गेले, मी आपला खिळेच राहिलो.

मालक गडगंज. वडिलांच्या दोन कापडगिरण्या होत्या, पण यांनी तिथे कधी पाय ठेवला नाही, कारण पाय कायम घोड्याच्या रिकिबीत. तरुणपणी कुठल्याशा पुस्तकात वाचून त्यांनी एका शिंगराच्या सुजलेल्या पायाला करकचून पट्टी बांधली, आणि ते पोर जन्माचं लंगडं झालं. दुसरा कोणी असता तर पुस्तक फेकून मोकळा झाला असता. यांनी छापखाना विकत घेतला! "आता मी बरोबर छापून दाखवतो," म्हणाले. त्यातून मासिक निघालं, मग पुस्तकं निघाली. नालावर, खोगिरावर, खुरांवर. घोड्याच्या दातांवर दोनशे पानं! मीच लावलीत, मला विचारा. बाईसाहेब होत्या तोवर म्हणायच्या, "हे घोड्यावर आणि घर माझ्या डोक्यावर." हसत म्हणायच्या, पण दमलेल्या असायच्या. त्या गेल्यावर मालकांचं घरात मन लागेना. सकाळी तबेल्यात, दुपारी तबेल्याच्या वरच्या ऑफिसात, एवढंच काय ते राहिलं.

त्यांचे नियम दोन. पहिला, सही झालेल्या पानातला स्वल्पविरामही हलवायचा नाही. दुसरा, घोड्याचा फोटो फिरवायचा नाही. फिरवायचा म्हणजे आरशात दिसतो तसा डाव्याचा उजवा करायचा. आम्हा पानं लावणाऱ्यांना ती खोड असते. चेहरा भलतीकडे वळलेला असला की दिला फिरवून. मालक म्हणायचे, "माणसाचा फोटो फिरवलास तर त्याच्या बायकोलाही कळणार नाही. घोड्याचा फिरवलास तर तो दुसराच घोडा झाला." कारण घोडा ओळखायचा तो कपाळावरच्या भोवऱ्यावरून, आणि कुठला पाय पांढरा आहे त्यावरून. वाचकांच्या डोक्यातही त्यांनी हे चाळीस वर्षं ठोकून ठोकून बसवलं होतं.

गेल्या वर्षापासून मला संशय येत होता. पूर्वी राहिलेला अनुस्वार त्यांना टेबलाच्या त्या टोकावरून दिसायचा. आता पान घ्यायचे, खिडकीकडे धरायचे आणि विचारायचे, "तुझं काय मत, खिळे?" अहो, इतक्या वर्षांत माझं मत कुत्र्यानेही विचारलं नव्हतं! पण रोज सकाळी ते म्हातारीवर बसून फेरी मारून यायचे, त्यामुळे कोणाला काही बोलता येईना. म्हातारी म्हणजे त्यांची वीस वर्षांची तांबडी घोडी, मागचा डावा पाय तेवढा पांढरा. तबेल्यापासून ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापासून तबेल्यापर्यंत. वाट तिला पाठ होती. मालकांनी डोळे मिटले असते तरी तिने त्यांना घरी आणलं असतं.

त्यांच्या मुलीला, आमच्या ताईंना, हीच धास्ती होती. एकदा माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "बाबा, ज्या दिवशी तुम्हाला प्रूफ दिसणार नाही, त्या दिवशी घोडी बंद. मासिकही दुसऱ्याच्या हातात द्यायचं. कबूल?"

"कबूल," मालक म्हणाले. "पण प्रूफवर माझी सही आहे तोवर तू तोंड उघडायचं नाहीस."

म्हातारीला वीस वर्षं झाली म्हणून मुखपृष्ठावर तिचाच फोटो घ्यायचं ठरलं. पान लावता लावता मी एक बटण दाबलं आणि घोडी फिरवली. पान बरं दिसावं म्हणून नाही, उगाच खोटं कशाला बोलू? मला बघायचं होतं. वाटलं, मालक ओरडतील, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतील, मी गपचूप परत फिरवीन आणि निवांत घरी जाईन. एवढंच हवं होतं मला.

मालकांनी पान खिडकीकडे धरलं. ताई दारातच उभ्या होत्या.

"छान आलीय म्हातारी," मालक म्हणाले, आणि खाली सही ठोकली.

ताईंचा चेहरा असा काही फुलला की मला बघवेना. "द्या, मीच छपाईला देऊन येते," म्हणत त्या पान घेऊन गेल्यासुद्धा. मी खुर्चीत बसून राहिलो. फोन करून छपाई थांबवता आली असती. नाही केला. थांबवायची म्हणजे का थांबवली ते सांगायला लागलं असतं, आणि ते सांगायची माझ्यात हिंमत नव्हती.

अंक निघाला आणि आठवड्याभरात पत्रांचा पाऊस पडला. त्रेचाळीस पत्रं. प्रत्येकात शिव्या. मी सगळी खणात कोंबली. पूर्वी मालक पत्रं स्वतः वाचायचे, हल्ली "वाच रे" म्हणून माझ्याकडे सरकवायचे. मग काय, लागलो मी थापा मारायला.

"काय म्हणतात लोक?"

"मुखपृष्ठ झकास म्हणतात."

"आणि दुसरं?"

"त्यातही तेच."

चार दिवस हा खेळ चालला. पाचव्या दिवशी मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एकाचीही शिवी नाही?"

"नाही हो."

"मला मोतद्दाराने पहिल्याच दिवशी सांगितलं," मालक म्हणाले. मोतद्दार म्हणजे खाली घोड्यांची निगा राखणारा. "अंक हातात घेतला आणि म्हणाला, मालक, म्हातारीने मोजा दुसऱ्या पायात कसा घातला? मी म्हटलं, बघू किती लोक अंगावर येतात ते. चाळीस वर्षं मी या लोकांना बघायला शिकवलं, खिळे. आणि एकालाही दिसलं नाही. म्हणजे कोणी बघतच नाही. आपण आपले छापत बसलोय."

मी गुडघ्याने खण आणखी आत ढकलला.

"जाऊ दे, दमलो मी. पुढचा अंक शेवटचा. वाचक उरले नाहीत म्हणून बंद केलं असं ताईला सांगू. डोळ्यांचं काही बोलायला नको. म्हणजे निदान सकाळची म्हातारी तरी राहील माझ्याकडे."

सुटका होती. त्यांची आणि माझीही. मी खण उघडला नसता तर कोणाला काही कळलं नसतं. पण ते तसे बसले होते, मान खाली घालून, चाळीस वर्षं फुकट गेल्यासारखे, आणि ते माझ्यामुळे. मला ते सोसेना. मी खण ओढून सगळाच्या सगळा त्यांच्या टेबलावर उपडा केला.

"हे काय?"

"शिव्या," मी म्हटलं. "त्रेचाळीस आहेत. ऐका."

आणि वाचत सुटलो. 'ही घोडी कोणाची? आमची म्हातारी कुठे आहे?' 'माझी सात वर्षांची नात म्हणते, यांना डावं-उजवं कळत नाही का?' 'संपादक महाशय, झोपलात काय?' मालक आधी खुदकन हसले, मग डोळ्यांना रुमाल लावून हसायला लागले.

"थांब, थांब. ते झोपलात काय, ते परत वाच."

मी परत वाचलं. घसा कोरडा पडेपर्यंत वाचलं. शेवटी म्हटलं, "मालक, फोटो मी फिरवला. मुद्दाम."

"ते कळलं मला. दुसऱ्या कोणाची हिंमत आहे?" त्यांनी डोळे पुसले. "घे, लिही. मागच्या अंकातली घोडी आमची नाही. फोटो उलटा छापला गेला. चूक संपादकाची आहे, त्याला आता दिसत नाही."

मी पेन खाली ठेवलं. "अहो, हे ताई वाचतील."

"वाचू दे."

"मग घोडी गेली ना हातची! माझी चूक म्हणून छापतो. पानं लावणाऱ्याने घोळ घातला म्हणतो. एवढं तर ऐका माझं."

"प्रूफवर सही कोणाची आहे?"

"तुमची."

"मग गप बस आणि लिही."

लिहिलं. पान लावलं, त्यांच्यापुढे ठेवलं, बोट धरून सहीची जागा दाखवली. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकरच गेलो. मोतद्दाराने सवयीने म्हातारी तयार करून उभी केली होती. मालक तिच्याजवळ गेले, तिच्या मानेवरून हात फिरवला, मग चाचपडत पोटाखालचा तंगाचा पट्टा सोडला आणि खोगीर उचलून माझ्यापुढे धरलं. घोड्याच्या इतक्या जवळ मी कधी गेलो नव्हतो. पण गेलो, आणि दोन्ही हातांनी घेतलं. एकतीस वर्षं मी खोगिरावर पानंच्या पानं लावली, पण ते इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं.