रेंजरसाठी नेलेली बाटली

नवऱ्याच्या शिकारीच्या खुळाची मला पहिल्या दिवसापासून शिसारी आली होती. पुण्यात वाढलेला आयटीतला माणूस, घरात उंदीर निघाला तर पलंगावर चढतो. आणि आयर्लंडमध्ये चार वर्षं काढल्यावर म्हणे हरीण मारणार. ऑफिसातले मारतात ना! बंदूक आली, लायसन आलं, झाडपाल्याच्या रंगाचं जॅकेट आलं. पण डोंगरात हरणं असतात कुठे, हे कोण सांगणार? नास नावाच्या गावातल्या हॉस्पिटलात मी डॉक्टर आहे, आणि माझ्या वॉर्डातल्या एका नर्सचा भाऊ तिथून जवळच्या विकलो नावाच्या डोंगरात वन्यजीव खात्याचा रेंजर. शब्द टाकायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. तिने लगेच भावाला फोन लावून शनिवारी सकाळची वेळ ठरवून दिली.

निघताना मीच म्हटलं, सरकारी माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? व्हिस्कीची भारीतली बाटली मीच निवडली आणि कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली.

रेंजरने गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि न मागता सगळं सांगितलं. पहाटे हरणं रानाच्या कडेला चरायला येतात. वारा तोंडावर घेऊन जा. या वाटेने लोक फिरायला येतात, इथे गोळी चालवायची नाही. हरणाच्या मागे चढ असेल तरच नेम धरा, म्हणजे चुकलेली गोळी मातीत जाते. अर्धा तास तो मनापासून समजावत होता.

तेवढ्यात नवऱ्याने पिशवी पुढे केली. डोळा मारून म्हणाला, आता ती खास जागा सांगा की, सगळ्यांना सांगत नाही ती. अंगावर पाल पडावी तसं झालं मला. काय तो डोळा मारणं, काय ते लाचार हसू, शी!

रेंजरने पिशवीला हातही लावला नाही. "मी सगळ्यांना हेच सांगतो," म्हणत त्याने नकाशाची घडी घातली. मग तो माझ्याकडे वळला.

"डॉक्टर, यात काय आहे ते तुम्हाला माहीत होतं?"

सोमवारी मला वॉर्डात त्याच्या बहिणीसमोर उभं राहायचं होतं.

"नाही," मी म्हटलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी मागे घेत तो रेंजरला म्हणाला, "सॉरी. हिला खरंच काही माहीत नव्हतं."

मघाशी मला ज्याची किळस आली होती, त्याच्याकडे आता मला बघवेना.